छोट्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका : छायाचित्र कसे टिपले जाते आणि त्यासाठी अंधार का लागतो

पावसाळा ओसरल्यानंतरच्या निरभ्र रात्री, शहरी दिव्यांपासून पुरेसे दूर गेल्यास, शर्मिष्ठा तारकासमूह आणि भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन यांच्या मधल्या भागात धुरकट कापसाच्या बोळ्यासारखा एक फिकट ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. तो ढग नव्हे आणि ताराही नव्हे. तो आहे देवयानी दीर्घिकेचा, म्हणजेच मेसिए यादीतील ३१ क्रमांकाच्या सर्पिल दीर्घिकेचा, केवळ मध्यभाग. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे अंतरावरील ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेची सर्वांत जवळची मोठी शेजारीण होय. दुर्बिणीविना सहज दिसणाऱ्या वस्तूंपैकी इतकी दूरची वस्तू दुसरी नाही.

याच ठिपक्याकडे ६० ते ८० मिलिमीटर व्यासाची लहान दुर्बीण वळवून, तिला कॅमेरा जोडून, काही तास प्रकाश साठवला तर जे चित्र हाती येते ते पाहून नवख्या निरीक्षकाचा विश्वास बसत नाही. मध्यभागी पिवळसर गाभा, त्याभोवती निळसर भुजा, त्या भुजांना कापत जाणारे धुळीचे काळपट पट्टे आणि बाजूला दोन लहान उपदीर्घिका असे सारे त्यात असते. मात्र त्याच दुर्बिणीला डोळा लावला तर यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. दिसतो तो थोडा मोठा झालेला तोच राखाडी ठिपका. दुर्बीण विकत घेणाऱ्यांची पहिली निराशा बहुधा येथेच होते. दोष दुर्बिणीचा नसतो. डोळा प्रकाश साठवत नाही, तो क्षणाक्षणाला नवे चित्र मेंदूकडे पाठवतो. शिवाय मंद प्रकाशात रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास निष्क्रिय असतात. कॅमेऱ्याचा संवेदक मात्र मिनिटामागून मिनिट येणारे प्रकाशकण जमा करीत राहतो.

देवयानीच्या बाबतीत ‘लहान’ दुर्बीण ही तडजोड नसून योग्य निवड आहे, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. या दीर्घिकेचा आकाशातील विस्तार लांबीला सुमारे ३ अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट भरतो. ४०० मिलिमीटर केंद्रांतर असलेल्या लहान दुर्बिणीत तिची प्रतिमा संवेदकावर साधारण २१ मिलिमीटर लांबीची पडते आणि सामान्य डीएसएलआर कॅमेऱ्याच्या चौकटीत ती नेमकी मावते. हेच केंद्रांतर २००० मिलिमीटर असलेल्या मोठ्या दुर्बिणीत प्रतिमा १०० मिलिमीटरहून लांब होते. मग चौकटीत केवळ गाभा उरतो आणि भुजा बाहेर राहतात. जी वस्तू अंधुक म्हणून ओळखली जाते ती प्रत्यक्षात लहान नसते, पसरलेली असते. तिचा एकूण प्रकाश ३.४ प्रतीच्या ताऱ्याइतका आहे. परंतु तो एवढ्या मोठ्या क्षेत्रावर विखुरला असल्याने कडेचा भाग आकाशाच्या पार्श्वभूमीत विरघळून जातो.

ती शोधण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते. पूर्वाभाद्रपदा आणि उत्तराभाद्रपदा या नक्षत्रांच्या चार ताऱ्यांनी बनलेल्या चौकोनाच्या ईशान्येकडील ताऱ्यापासून निघावे. त्यापुढील दुसरा ठळक तारा मिराक. तेथून काटकोनात वळून शर्मिष्ठेच्या दिशेने दोन मंद तारे ओलांडले की दुसऱ्या ताऱ्याच्या शेजारी हा ठिपका असतो. शर्मिष्ठेच्या ‘एम’ आकारातील अधिक अणकुचीदार टोकही साधारण याच दिशेला बोट दाखवते.

दुर्बीण रोखली तरी आकाश थांबत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे देवयानीच्या परिसरातील तारे दर सेकंदाला सुमारे ११ विकला सरकतात. आजच्या बारीक चित्रबिंदूंच्या संवेदकावर, ४०० मिलिमीटर केंद्रांतराला, ही सरक एका सेकंदात जवळपास सहा चित्रबिंदूंइतकी होते. म्हणून साध्या तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात तारे लगेच रेघोट्या होतात. उपाय एकच : पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा अक्षाभोवती, तिच्या उलट दिशेने, तेवढ्याच वेगाने फिरणारा आधार. छायाचित्रकार त्याला ‘माउंट’ किंवा लहान आकारात ‘ट्रॅकर’ म्हणतात. या छंदात पैसा खर्च करायचाच असेल तर आधी माउंटवर करावा आणि उरला तर दुर्बिणीवर, असे जाणकार सांगतात ते याचमुळे. थरथरणाऱ्या आधारावरील महाग दुर्बीण निरुपयोगी ठरते.

हा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि येथे भारतातील अक्षांशांचा फरक जाणवतो. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची स्थानिक अक्षांशाइतकी असते. दिल्लीत तो सुमारे २८ अंशांवर, इंदूरला २२, मुंबईत १९, हैदराबादला १७, तर तंजावरला जेमतेम ११ अंशांवर असतो. दक्षिणेत तो क्षितिजाजवळच्या धुरळ्यात किंवा समोरच्या इमारतीमागे हरवतो. मग ध्रुवतारा न दिसताही ताऱ्यांच्या सरकण्यावरून अक्ष जुळवण्याची पद्धत वापरावी लागते. देवयानी मात्र साऱ्यांनाच भरपूर उंचीवर मिळते. ती मध्यमंडल ओलांडताना दिल्लीतून ७७, मुंबईतून ६८ आणि तंजावरहून सुमारे ६० अंश उंचीवर असते.

उंची अनुकूल असली तरी पंचांग तितके अनुकूल नसते. ऑक्टोबरच्या प्रारंभी ही दीर्घिका मध्यरात्री डोक्यावर येते आणि डिसेंबरच्या प्रारंभी रात्री आठच्या सुमारास. म्हणजे तिचा खरा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. चंद्रप्रकाश टाळायचा तर अमावास्येच्या मागेपुढे मिळून दहाएक रात्री उरतात. त्यातील पहिली चांगली अमावास्या बहुतेक वर्षी लक्ष्मीपूजनाची असते. चंद्र नसतो, पण घरोघरी रोषणाई असते आणि फटाक्यांचा धूर वातावरणात तरंगत असतो. उत्तर भारतात त्यात शेतातील पाचट व खुंट जाळल्याच्या धुराची भर पडते. तमिळनाडूत याच काळात ईशान्य मोसमी पाऊस असतो. त्यामुळे तंजावरच्या मराठी घरातील एखाद्या हौशी निरीक्षकाला बहुधा जानेवारीपर्यंत थांबावे लागते आणि तोवर देवयानी संध्याकाळीच पश्चिमेकडे कलू लागलेली असते. दख्खनच्या पठारावर नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री सर्वांत भरवशाच्या. तेथे अडचण येते ती दवाची. दुर्बिणीच्या भिंगावर नकळत दव साचते आणि दोन तासांच्या परिश्रमाचे धुके होते. भिंगाभोवती गुंडाळायची विजेवर तापणारी पट्टी म्हणूनच साहित्यात असावी लागते.

प्रत्यक्ष छायाचित्रण हे एकच दीर्घ छायाचित्र नसते. एक-एक मिनिटाच्या शंभर-दोनशे चौकटी घेतल्या जातात आणि नंतर संगणकावर त्या एकावर एक रचल्या जातात. यामागे साधे गणित आहे. खरा प्रकाश प्रत्येक चौकटीत त्याच जागी असतो, तर प्रकाशकणांच्या येण्यातील अनियमितता आणि संवेदकाचा गोंगाट दर वेळी वेगळा असतो. चौकटींची सरासरी काढली की चित्राची स्वच्छता चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चार चौकटींनी दुप्पट, शंभर चौकटींनी दहापट. तेथून पुढे दुप्पट सुधारणा हवी असेल तर चारशे चौकटी हव्यात. पहिल्या तासात चित्र झपाट्याने उमलते आणि पाचव्या तासानंतर सुधारणा कणाकणाने होते, ती यामुळे. विमानाचा दिवा किंवा कृत्रिम उपग्रहाची रेघ एखाद्याच चौकटीत असल्याने रचना करताना ती वेगळी काढता येते. उपग्रहांची संख्या वाढत चालल्यापासून ही सोय नसून गरज झाली आहे.

मुख्य चौकटींबरोबर काही दुय्यम चौकटी घ्याव्या लागतात आणि घाईत नेमके याकडेच दुर्लक्ष होते. दुर्बिणीचे तोंड झाकून, तेवढ्याच तापमानाला व तेवढ्याच कालावधीच्या घेतलेल्या अंधाऱ्या चौकटींतून संवेदकाचे दोष कळतात. दुर्बिणीच्या तोंडावर धुतलेला पांढरा कपडा ताणून बसवून, पहाटेच्या सम प्रकाशात घेतलेल्या चौकटींतून भिंगाच्या कडेचा काळवंडलेपणा आणि संवेदकावरील धुळीच्या छाया उमगतात. या वजा-भागाकाराशिवाय देवयानीच्या बाह्य भुजा आणि भिंगाचा दोष यांत फरक करता येत नाही. या साऱ्या प्रक्रियेसाठी ‘सिरिल’ आणि ‘डीपस्कायस्टॅकर’ यांसारख्या संगणक प्रणाली मोफत उपलब्ध आहेत.

रचना पूर्ण झाल्यावर पडद्यावर दिसणारे चित्र बहुधा जवळजवळ काळेच असते. त्यातील मंद छटा वर उचलाव्या लागतात, गाभा मात्र पांढराफटक होऊ द्यायचा नसतो. मग हे चित्र खरे की घडवलेले, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. उत्तर असे की, छटांचे परस्पर प्रमाण बदलले जाते, नसलेली वस्तू घातली जात नाही. गाभ्यातील तारे वयाने जुने व थंड असल्याने पिवळसर, भुजांतील तरुण व उष्ण तारे निळसर, हायड्रोजनचे तप्त मेघ गुलाबी, हा भेद प्रकाशातच असतो. परंतु रंग किती गडद ठेवायचे हा निर्णय माणसाचा असतो आणि समाजमाध्यमांवर झळकणाऱ्या कित्येक चित्रांत तो संयमाने घेतलेला नसतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने गोंगाट पुसताना कधी नसलेले तपशीलही रेखाटतात. तेथे मात्र छायाचित्राची सीमा ओलांडली जाते.

या चित्रातील काळाचा प्रश्नही वरवर दिसतो तितका सोपा नाही. ‘२५ लाख वर्षांपूर्वीचे दृश्य’ असे म्हटले जाते. पण देवयानीच्या तबकडीचा व्यास सुमारे दीड लाख प्रकाशवर्षे असून ती आपल्याकडे बरीच तिरपी, जवळजवळ कडेवर, उभी आहे. त्यामुळे तिच्या पलीकडच्या कडेहून निघालेला प्रकाश अलीकडच्या कडेच्या प्रकाशापेक्षा एक लाख वर्षांहून अधिक आधी निघालेला असतो. एकाच चौकटीत ते दोन्ही एकत्र उमटतात. छायाचित्र एका क्षणाचे असते ही समजूत येथे टिकत नाही.

या ठिपक्याची ओळख पटण्यास माणसाला फार काळ लागला. पर्शियन खगोलविद अल-सूफी याने इसवी सन ९६४ च्या सुमारास त्याची ‘लहान ढग’ अशी नोंद केली. १६१२ मध्ये सायमन मारियस याने तो दुर्बिणीतून पाहिला. १७६४ मध्ये चार्ल्स मेसिए याने आपल्या यादीत त्याला ३१ वा क्रमांक दिला. धूमकेतू शोधणाऱ्यांची फसगत होऊ नये एवढाच त्याचा हेतू होता. खरा बदल छायाचित्रणाने घडवला. इंग्लंडमधील हौशी खगोलनिरीक्षक आयझॅक रॉबर्ट्स यांनी डिसेंबर १८८८ मध्ये २० इंची आरशाच्या दुर्बिणीने दीर्घकाळ प्रकाश साठवून काचेच्या पट्टीवर या ‘तेजोमेघा’चे चित्र घेतले आणि त्यातील वलयाकार, सर्पिल रचना प्रथमच स्पष्ट झाली. चित्र अचूक होते, अर्थ मात्र चुकला. नव्याने जन्मणारी सूर्यमालाच समोर आहे, असे त्या काळी अनेकांना वाटले.

तीन दशकांनंतरही वाद मिटला नव्हता. एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टन येथे हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस यांच्यात याच विषयावर जाहीर चर्चा झाली. असे मेघ आपल्या आकाशगंगेचे घटक आहेत, अशी शॅपली यांची भूमिका होती, तर ती स्वतंत्र ‘विश्वद्वीपे’ आहेत, अशी कर्टिस यांची. निर्णय ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचपट्टीवर झाला. एडविन हबल यांनी तीवर नवताऱ्यांच्या खुणा म्हणून ‘एन’ हे अक्षर लिहिले होते. जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहता त्यांतील एक तारा नवतारा नसून ठरावीक काळाने तेज बदलणारा रूपविकारी तारा असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ‘एन’ खोडून तेथे रूपविकारी या अर्थाचे इंग्रजी शब्दाचे लघुरूप उद्गारचिन्हासह लिहिले. सुमारे ३१ दिवसांच्या आवर्तनाच्या त्या ताऱ्याचे खरे तेज हेन्रिएटा लेव्हिट यांनी शोधलेल्या नियमावरून काढता आले आणि अंतर निघाले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. पुढील संशोधनाने ते आजच्या आकड्यापर्यंत वाढले. पण देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे, एवढे त्याच वेळी पक्के झाले. १ जानेवारी १९२५ रोजी हा निष्कर्ष अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत वाचला गेला. साधारण १९ व्या प्रतीचा तो तारा आज हौशी छायाचित्रकारांच्या चौकटींतही सापडतो.

या इतिहासात अंधाराची भूमिका अनेकदा निर्णायक ठरली आहे. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजलिस शहरात दिवे मालवण्याचे आदेश असताना वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनवरूनच देवयानीच्या अंतर्भागातील तारे प्रथम वेगवेगळे करून दाखवले. दुर्बीण तीच होती. शहर तेवढे अंधारले होते.

अंधाराचे मोल आकड्यांत मांडता येते. उत्तम अंधाऱ्या ठिकाणाच्या तुलनेत महानगराच्या मध्यभागातील आकाश सुमारे तीसपट उजळ असू शकते. आकाशाचा हा उजेड सरासरी म्हणून वजा करता येतो, परंतु त्याच्यातील अनियमितता वजा होत नाही आणि देवयानीच्या मंद भुजा त्याखाली दबतात. ढोबळ हिशेबाने, अंधाऱ्या जागी एका तासात मिळणारी स्वच्छता शहराच्या गच्चीवरून मिळवण्यास तीस तास लागतील. येथे प्रकाशप्रदूषण रोखणारे फिल्टर मदत करतील, अशी जाहिरातींतून होणारी समजूत बरीचशी फोल आहे. वायुमेघ ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश देतात, म्हणून तेथे फिल्टर उपयोगी ठरतात. दीर्घिकेचा प्रकाश हा ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो. रस्त्यांवरील पांढऱ्या एलईडी दिव्यांचाही तसाच. दोन्ही वेगळे करणारी काच नाही.

देशात अंधार जपण्याचे प्रयत्न अलीकडे सुरू झाले आहेत. लडाखमधील हानले परिसर डिसेंबर २०२२ मध्ये ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित झाला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा तेथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर असून स्थानिक ग्रामस्थांना दुर्बिणी व प्रशिक्षण देऊन पर्यटकांना आकाश दाखवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. नागपूरहून काही तासांत गाठता येणारे हे ठिकाण असल्याने मध्य भारतातील निरीक्षकांना त्याचे महत्त्व अधिक. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना आकाशाची ओळख करून देत आहे; तेव्हा शहरातून जे दिसत असे त्यासाठी आता घाटापलीकडे किंवा दूरच्या माळावर मुक्काम करावा लागतो.

लहान दुर्बिणीच्या चित्रातून नवे काही हाती लागेल काय, या प्रश्नाला नुकतेच अनपेक्षित उत्तर मिळाले. मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रोटनर आणि यान सॅन्टी या हौशी छायाचित्रकारांनी २०२२ मध्ये १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने अनेक रात्री देवयानीचे चित्रण केले. आयनीभूत ऑक्सिजनचाच प्रकाश वेगळा करणाऱ्या फिल्टरमधून घेतलेल्या चौकटींत दीर्घिकेच्या शेजारी निळसर प्रकाशाची एक प्रचंड कमान उमटली. जगातील मोठमोठ्या दुर्बिणींनी शतकभर न्याहाळलेल्या या भागात ती कोणालाही दिसली नव्हती, कारण या विशिष्ट प्रकाशात, इतके विस्तृत क्षेत्र, इतका वेळ कोणी पाहिलेच नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये हा शोध शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही कमान देवयानीचा भाग नसून तिच्या दिशेने पाहताना वाटेत येणारा आपल्याच आकाशगंगेतील वायू असावा, असे नंतरचे अभ्यास सुचवतात. तिच्या उगमाविषयी चर्चा चालू आहे.

याखेरीज देवयानीत दरवर्षी अनेक नवतारे उजळतात आणि त्यांतील काही हौशी निरीक्षकांनीच प्रथम पाहिलेले असतात. त्यात एक तारा असाही आहे, ज्याचा स्फोट जवळपास दरवर्षी होतो. हानले येथील दुर्बिणीही त्याच्यावर लक्ष ठेवून असतात. एखाद्या रात्री नवतारा सापडला की तो त्याआधी केव्हा उजळू लागला हे ठरवण्यासाठी आधीच्या रात्रींची चित्रे शोधली जातात. म्हणून सुंदर अंतिम चित्र तयार झाल्यावरही मूळ चौकटी पुसू नयेत, त्यांवर दिनांक व वेळ नोंदवून त्या जपून ठेवाव्यात, असा अनुभवी निरीक्षकांचा आग्रह असतो.